अकरा सेकंदांची मुलाखत

संपादकांनी मला विषय दिला होता 'घरबसल्या इंग्रजीचं करिअर'. आखातात नवऱ्याबरोबर राहणाऱ्या शिकलेल्या बायकांना हुरूप येईल असं काहीतरी लिहा, असं त्यांचं म्हणणं. मी दोनदा लिहायला बसले. दोन्ही वेळा लेख गोडगोड झाला आणि वाचून मला माझीच चीड आली. हुरूप देणारे पुष्कळ आहेत. मी सहा वर्षं ऑनलाइन इंग्रजीच्या धंद्यात काढली. पहिली चार शिकवण्यात, पुढची दोन इतरांच्या मुलाखती तपासण्यात. त्या मुलाखतींबद्दलच लिहिते. कुणाला गोड लागलं नाही तर इलाज नाही.

मस्कतमध्ये रुवीला लागून हमरिया नावाची जुनी, दाटीची वस्ती आहे. खाली दुकानं, वर माणसं. आम्ही उस्मानभाईंच्या शिलाईच्या दुकानावर राहायचो. उस्मानभाई श्रीवर्धनकडचे. त्यांची बायको नसीमआपा आमच्या समोरच्याच दारात. माझा नवरा भरत दूर दुक्मला बंदराच्या कामावर वेल्डिंग तपासणारा. तीन आठवड्यांनी एकदा घरी यायचा. मी बी.ए., बी.एड. पाटणसारख्या गावात शिकलेली, आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. वडील एसटीच्या डेपोत गाड्या धुवायचे. एवढं शिकून मी हमरियात भाजी निवडत बसले होते, कारण नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला शाळेत नोकरी मिळणं कठीण.

२०१३-१४च्या सुमाराला एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं, की एक कंपनी चीनमधल्या मुलांना संगणकावरून इंग्रजी शिकवते आणि घरबसल्या शिक्षक घेते. मी अर्ज उघडला. शेवटच्या पानावर दोन चौकोन होते. एक, थेट मुलाखत: अर्धा तास, समोर माणूस, तो लहान मूल झाल्याचं नाटक करणार आणि तुम्ही त्याला शिकवायचं. दुसरा, स्वतः रेकॉर्ड केलेला सात मिनिटांचा धडा पाठवायचा. दुसऱ्या चौकोनाखाली लिहिलं होतं: 'आपल्या सोयीने, दडपणाशिवाय.' आणि बारीक अक्षरात, की एकदा निवड केली की सहा महिने बदलता येणार नाही.

मी दुसऱ्या चौकोनात खूण केली. भरतला कारण सांगितलं नेटचं. त्या काळी ओमानात नेटवरून साधे कॉल धड लागत नसत (वर्ग कंपनीच्या वेगळ्या प्रणालीवर चालायचे), त्यामुळे त्याला पटलं. खरं कारण वेगळं होतं. बी.ए.च्या तोंडी परीक्षेला शहरातून आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी माझं उत्तर मधेच थांबवून विचारलं होतं, "बाई, ही कुठली भाषा?" शेजारचे सर हसले. मीही हसले, कारण दुसरं काय करणार? तेव्हापासून माझा पक्का नियम होता: लेखी असेल तर लेखी द्यावं, तोंडी टाळावी. समोर माणूस नको. लहान गावातल्या, पाठांतरावर वर आलेल्या आम्हा सगळ्यांचा हा नियम असतो. लिहून काढा, घोटून पाठ करा, न अडखळता म्हणून दाखवा. आमच्या कदम सरांनी 'माझे गाव' हा इंग्रजी निबंध आमच्याकडून असाच घोटून घेतला होता. आज झोपेतून उठवलं तरी मी तो म्हणून दाखवीन.

सात मिनिटांचा धडा मी वहीत अक्षरन् अक्षर लिहून काढला. हसायचं कुठं, तेही लिहिलं. जून महिना होता. एसीचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो म्हणून तो बंद केला, खिडकीवर गोधडी लावली, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि वक्तृत्व स्पर्धेत बोलायचं तसं सुरू केलं. चौथ्यांदा म्हणत होते तेव्हा दार वाजलं. नसीमआपा.

"काय गो, कुणाशी भांडतेस? भरत तर दुक्मला हाय ना?"

"भांडत नाही आपा, शिकवतेय."

आपांनी खोलीभर नजर फिरवली. "कुणाला?"

एकोणिसाव्या वेळेला धडा न चुकता झाला. केस घामानं कपाळाला चिकटलेले. पाठवला. दोन दिवसांत 'अभिनंदन' आलं. मी पाटणला फोन केला तर वडील म्हणाले, "साहेबाचे आभार मान हो, विसरू नको." मी कंपनीला दोन पानी आभाराचं पत्र लिहिलं. माझ्यासारख्या खेड्यातल्या मुलीचा सात मिनिटांचा धडा तुम्ही शांतपणे ऐकून घेतलात, याबद्दल मी जन्मभर ऋणी राहीन, असं त्यात वाक्य होतं. उत्तर आलं नाही. साहेब कामात असतील, असं मी समजले.

धंदा कसा चालतो ते थोडक्यात सांगते. चीनमधली मुलं संध्याकाळी शाळेतून घरी आली, की आपल्याकडे मस्कतला दुपारचे दोन वाजलेले असतात. दोन ते पाच मी शिकवायची. प्रत्येक तास पंचवीस मिनिटांचा. मूल पाच-सहा वर्षांचं, त्याला तुमची भाषा येत नाही, तुम्हाला त्याची. म्हणून सगळं हातवाऱ्यांवर. तोंडाकडे बोट नेलं म्हणजे मी बोलते, कानाशी हात नेला म्हणजे आता तू बोल. घसा बसत नाही, खांदे दुखतात. एक मुलगा टेबलाखाली जाऊन बसायचा आणि तिथूनच उत्तरं द्यायचा. सगळी बरोबर. मी तीन महिने एका रिकाम्या खुर्चीला शिकवलं. एका मुलीची आजी तास चालू असताना तिला भरवायची. मी 'ॲपल' म्हटलं की आजी वाटी खाली ठेवून 'ॲपल' म्हणायची आणि नातीपेक्षा स्वच्छ म्हणायची. कामात रस होता, तो नाकारत नाही. 'सुवर्णा' मुलांना जड जाईल म्हणून कंपनीनं मला 'टीचर सू' केलं. एका आईनं तक्रार केली म्हणून टिकली काढायला सांगितली. मी काढली. कृतज्ञ माणूस काय काय काढून ठेवतो, याचा हिशोब कुणी मांडत नाही.

चार वर्षांनी मला बढती मिळाली: आलेले रेकॉर्डिंग तपासणं. वरच्या बाईंचं नाव आपण लॉरा धरू. त्यांनी सांगितलं, "पहिलं अर्धं मिनिट बघ. तेवढ्यात कळतं." रोजचे साठ व्हिडिओ. सहा चौकोन भरायचे: उच्चार, प्रकाश, पार्श्वभूमी, पेहराव, उत्साह, आवाज. मग हो किंवा नाही. मी स्वतःची समजूत घातली, की शितावरून भाताची परीक्षा होतेच. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. ज्या मुलीला परीक्षकांनी मधेच थांबवलं होतं, ती आता लोकांना तिसाव्या सेकंदाला थांबवत होती.

नसीमआपांची मुलगी तबस्सुम लग्न होऊन मस्कतपासून दोन तासांवरच्या खाबुऱ्याला आली होती. नवरा इम्तियाज तिथल्या बाजारात मोटारींचे सुटे भाग विकतो. तबस्सुम महाडच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. त्यांच्या घरातली पहिली, माझ्यासारखीच. खाबुऱ्यात समुद्र, खजुराची बागायत, मासळीबाजार आणि दिवसभर बंद दार. एकदा हमरियात आली तेव्हा म्हणाली, "ताई, काल मी कोंबड्यांशी इंग्रजीत बोलले. मी शिकलेली आहे हे मला तरी आठवायला नको का?" ती हसत होती, पण आपा हसल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सुवर्णा, पोर सुकत चाललीय. तुज्या कंपनीत काय होतंय का बघ. तिला पैशाचं नको, कामाचं हवं."

मी म्हटलं, "होणारच, आपा."

तबस्सुमनं अर्ज उघडला आणि दोन्ही चौकोन वाचून म्हणाली, "थेट घेऊ का? समोर कुणी असलं की मला सुचतं." तसं होतंच. आमच्या इमारतीतली पोरं तिच्याभोवती गोळा व्हायची. रडणारं मूल पाच मिनिटांत तिच्या मांडीवर असायचं.

"वेडी आहेस का?" मी म्हटलं. "समोरचा माणूस काय विचारील सांगता येतं का? रेकॉर्डिंग आपल्या हातात असतं. मी स्वतः तपासते. पहिलं अर्धं मिनिट लखलखीत झालं की झालं."

मी तिला वाक्यं लिहून दिली. पाठ करून घेतली. हात कुठं न्यायचा, मान किती कलती करायची, सगळं बसवलं. तिसऱ्या दिवशी ती माझ्यासारखीच बोलायला लागली होती. आपा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "ही माजी मुलगी हाय की तुजा पोपट?" मी रागावले. म्हटलं, "आपा, यातलं मला कळतं."

ओळखीच्या माणसाचा व्हिडिओ तपासायचा नाही असा नियम होता, म्हणून मी कळवून तो दुसऱ्या तपासनिसाकडे पाठवला. संध्याकाळी निकाल बघितला. नाही. कारण: पेहराव. डोक्यावरची ओढणी. आणि बाजूच्या रकान्यात आकडा होता, किती वेळ पाहिलं त्याचा. नऊ सेकंद.

नऊ सेकंदांत तिचं 'गुड आफ्टरनून' झालं असेल आणि नाव अर्धं. तिच्या नावापुढे एक करडी खूण होती. ती खूण मी रोज बघत होते, पण कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी लॉराबाईंना फोन लावला.

त्या शांत होत्या. करडी खूण म्हणजे काही ठरावीक देशांचे पासपोर्ट. त्यांचे व्हिडिओ शिक्षक कमी पडत असतील तरच नीट बघायचे, एरवी काढून टाकायचे.

"मग थेट मुलाखतीत काय करता?" मी विचारलं.

"तिथं अवघड जातं. अर्धा तास माणूस समोर असतो, त्याला काहीतरी कारण द्यावं लागतं. सू डिअर, फॉर्मवर दोन चौकोन होते. तिनंच हा निवडला ना?"

"मग फॉर्मवर लिहा ना, की या चौकोनातले व्हिडिओ आम्ही बघत नाही म्हणून."

"तसं लिहिलं तर तो कोण निवडेल?" लॉराबाई म्हणाल्या. टोमणा नव्हता. त्यांना खरंच तो सोपा प्रश्न वाटला होता.

फोन ठेवल्यावर मी एक गोष्ट केली, जी मी आधी कधीच केली नव्हती. जुन्या नोंदींत स्वतःचं नाव शोधलं. सापडलं. करडी खूण. निकाल: हो. शेरा: 'हंगामात तुटवडा.' पाहिलेला वेळ: अकरा सेकंद.

एकोणीस वेळा म्हटलेला धडा. बंद केलेला एसी. गोधडी. दोन पानी पत्र. मी चार वर्षं लोकांना सांगत होते, की मेहनत केली की कुणीतरी ऐकतं. कुणीही ऐकलं नव्हतं. त्यांना त्या महिन्यात माणसं कमी पडली होती, एवढंच. मला रडू आलं नाही. राग आला. तो अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही. 'दडपणाशिवाय' हा शब्द त्या चौकोनाखाली कुणीतरी विचार करून लिहिला होता. ज्यांना समोरच्या माणसाची भीती वाटते, ते कोण असतात हे त्या लिहिणाऱ्याला चांगलं ठाऊक होतं. आणि पुढची दोन वर्षं साठ-साठ लोकांना मीच त्या चौकोनातून खाली ढकलत होते.

शुक्रवारी भरत घरी होता. त्याला म्हटलं, खाबुऱ्याला चल, तबस्सुमला हे फोनवर सांगायचं नाही. नसीमआपा मागच्या सीटवर बसल्या आणि दोन तासांच्या रस्त्यात एकच वाक्य बोलल्या. "समोर कुणी असलं की सुचतं, असं पोर म्हणत होती."

तबस्सुमनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नऊ सेकंद? तेवढ्यात सलामसुद्धा पुरा नाय होत, ताई."

इम्तियाज चिडला. "माझा अर्बाब, दुकानाचा मालक, बरा. नाही म्हणायचं असलं तरी आधी बसवून कहवा पाजतो."

मी म्हटलं, "चूक माझी आहे."

"तुमचीच हाय," तबस्सुम म्हणाली. तिनं मला धीर दिला नाही, हे मला बरं वाटलं. "आता दुसरीकडे अर्ज करते. पण थेट. आणि ताई, वही आणायची नाही."

दुसरी कंपनी लहान होती. तिथंही तेच दोन चौकोन. तिनं पहिल्यात खूण केली. मुलाखतीच्या दिवशी आपा आणि मी भाड्याच्या टॅक्सीनं खाबुऱ्याला गेलो. दुपारची वेळ. तबस्सुमनं आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं आणि दार अर्धवट लोटलं. फटीतून मला पडदा दिसत होता. टोपी घातलेला एक पन्नाशीचा गोरा माणूस. आपांना इंग्रजी येत नाही, म्हणून त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं.

तो मूल झाला. रुसलेलं मूल. तोंड फिरवून बसला. तबस्सुमनं दोनदा विचारलं, तो बोलेना. माझ्या वहीत या प्रसंगाला वाक्य नव्हतं. तबस्सुमनं खाली वाकून पायातली चप्पल काढली, कानाला लावली आणि म्हणाली, "हॅलो? मला एका मुलाशी बोलायचंय. घरात आहे का तो?"

त्यानं हळूच मान वळवली. मग स्वतःचा बूट काढून कानाला लावला. "तो घरात नाही," बुटात बोलला.

"अरेरे. मग मी कुणाशी बोलतेय?"

"त्याच्या कुत्र्याशी."

पुढची वीस मिनिटं तिनं त्या कुत्र्याला रंग, आकडे आणि खायचे पदार्थ शिकवले. शेवटी तो पुन्हा माणूस झाला. कागद बघून म्हणाला, "एक विचारायचं आहे. वर्गातही हा स्कार्फ घालणार का?"

"हो सर," तबस्सुम म्हणाली. "तुम्ही वर्गात ती टोपी घालणार का?"

"काय बोलली? काय बोलली गो?" आपांनी माझं मनगट आवळलं. मी भाषांतर केलं.

"या अल्ला! खलास. गेली नोकरी."

मग तो माणूस म्हणाला, की पालकांची तक्रार येऊ शकते. तबस्सुम म्हणाली, तक्रार आली तर मला सांगा, मी त्यांच्याशी बोलीन. तो म्हणाला, पासपोर्टचाही प्रश्न आहे. ती म्हणाली, पासपोर्ट शिकवत नाही सर, मी शिकवते. दहा मिनिटं ते दोघं वाद घालत होते. मी आत बसून पहिल्यांदाच बघत होते, की समोर माणूस असला म्हणजे त्याच्याशी भांडता येतं. आमच्या तोंडी परीक्षेत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं. शाळेत पाठांतराला बक्षीस देतात. भांडण्याचा तास कुठल्या वेळापत्रकात नसतो.

तिला घेतलं. आधी सहा महिने कच्चं, मग पक्कं. दार उघडून ती स्वयंपाकघरात आली तेव्हा एकाच पायात चप्पल होती. आपांनी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मग तिथंच ओट्यावर डोकं टेकून रडल्या.

इथं लेख संपवला तर संपादकांना हवा होता तसा होईल. पण मी दुसऱ्या दिवशी परत कामावर बसले होते. समोर साठ व्हिडिओंची रांग.

भरतला फोनवर विचारलं, सोडू का? तो म्हणाला, "अगं, इथं मी पाइपचा जोड न बघता शिक्का मारला तर मला हाकलतील. तुझ्याकडे बघितलं तर हाकलतात. तुझं तू ठरव."

मी ठरवलं. पहिला व्हिडिओ लावला आणि सातही मिनिटं बघितला. मग दुसरा. दिवसाला साठऐवजी तेवीस-चोवीस होऊ लागले. करडी खूण असो-नसो, ज्याला येतं त्याला 'हो' लिहिलं. वर बसलेले माझे 'हो' खोडायचे, मी दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायची. त्या तीन आठवड्यांत मी काय काय ऐकलं! एका बाईच्या मागे मूल झोपलेलं होतं, म्हणून ती सगळा धडा कुजबुजत शिकवत होती, आणि काय सुंदर शिकवत होती. एका मुलीनं चौथ्या मिनिटाला वाक्य विसरून डोळे मिटले, ओठांत पुटपुटून परत आठवलं आणि पुढे गेली. तिनं ते कापून टाकलं नव्हतं. कदाचित माझ्यासारखं तिलाही व्हिडिओ कापता येत नसेल.

शेवटचा व्हिडिओ एका गृहस्थांचा होता. पन्नाशी उलटलेली, इस्त्रीचा शर्ट, मागे पत्र्याचं कपाट. सगळं पाठ केलेलं. कळत होतं. सात मिनिटं पुरी झाल्यावर ते उभे राहिले, कॅमेऱ्याला वाकून नमस्कार केला आणि इंग्रजीत म्हणाले, "ऐकून घेतल्याबद्दल मी आपला अत्यंत आभारी आहे." मी खुर्चीवरून उठले. का उठले कुणास ठाऊक.

त्याच दुपारी लॉराबाईंचं पत्र आलं: उद्यापासून तुझं काम बंद. काम बंद करताना एक फॉर्म भरायचा असतो. त्यात प्रश्न होता: कामाचा वेग कमी होण्याचं कारण. खाली चार चौकोन: आजारपण, घरगुती अडचण, यंत्रातला बिघाड, इतर.

मी 'इतर'वर खूण केली आणि समोरच्या जागेत लिहिलं, "शेवटपर्यंत ऐकत होते."